उत्तमदादाचा गप्पीदास

बातमी आली तेव्हा मी चौथीच्या वर्गात पाढे म्हणवून घेत होते. तेराचा पाढा चालू होता. टेबलावरचा फोन थरथरला, पडद्यावर भाच्याचं नाव दिसलं आणि मी तो तसाच उपडा ठेवला. वर्गात फोन घ्यायचा नाही हा माझा तीस वर्षांचा नियम. दुसऱ्यांदा थरथरला तेव्हा मात्र हात आपोआप पुढे झाला. नितीन म्हणाला, "आत्या, आबा गेले." मी विचारलं, "कुठे गेले?" खरंच तसंच विचारलं. दादाला सकाळी सांगून-न सांगून फिरायला जायची सवय होती, आणि गेली दोन वर्षं "दादा गेला" याचा आमच्या घरात एकच अर्थ होता. तो मैदानात गेला, पाखरू बघायला. पलीकडून नितीन रडू लागला, तेव्हा कळलं… मुलं पाढा म्हणतच राहिली. त्यांना थांबवायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

उत्तमदादा माझा सख्खा मोठा भाऊ. गणपतीला आठ दिवस मुलाकडे, नितीनकडे, नवागामला गेला होता. सकाळी चहा घेतला, खाटेवर बसला आणि बसल्या जागी कलंडला. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. वय सदुसष्ट. आज दोन महिने होत आले, आणि आता कुठे त्याच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात इतका हात स्थिर झाला आहे.

आमचं गाव शिंदखेड्याच्या बाजूला. वडील मी पाळण्यात असतानाच गेले. दादा सतराव्या वर्षी गावातल्या दोघांच्या मागे सुरतेला आला आणि पॉवरलूमवर लागला. मी दहा वर्षांची असताना आई गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दादाने माझा एक फ्रॉक पिशवीत घातला, एक अंगात घालायला सांगितला आणि मला घेऊन गाडीत बसला. सुरतेच्या लिंबायत भागात त्याच्या खोलीत सहा कारागीर राहत होते. त्याने त्याच गल्लीत शेजारची अर्धी खोली घेतली, माझ्यासाठी पडदा लावला, आणि मराठी शाळेत माझं नाव घातलं. पुढे मी डी.एड. केलं, त्याच शहरातल्या मराठी शाळेत शिक्षिका झाले. लोक माझ्या जिद्दीचं कौतुक करतात. जिद्द कसली… बारा-बारा तासांच्या पाळ्या त्याने केल्या, मी फक्त अभ्यास केला.

त्याचा डोळा विलक्षण होता. लूमवर ताण्याचे हजारो उभे धागे शेजारीशेजारी धावत असतात. त्यातला एक तुटला तर त्याला चालता-चालता, दोन मशीनपलीकडून दिसायचा. तो मशीन थांबवायचा, दोन बोटांनी तुटकी टोकं धरायचा आणि अशी गाठ मारायचा की कापडावर बोट फिरवूनही ती सापडू नये. हे मी लहानपणी कितीदा पाहिलं आहे. पण डोळा टिकला आणि कान गेला. तीसेक वर्षं त्या खटखटाटात काढल्यावर आधी पक्ष्यांचे, मग बायकामुलांचे, मग सगळ्यांचेच आवाज गेले. कानाची नसच गेली, असं डॉक्टर म्हणाले. कानात घालायचं यंत्र आणलं, तर त्यातून त्याला पुन्हा लूमच ऐकू यायचं. दोन दिवसांत ते डबीत गेलं. वहिनी होती तोवर ती त्याच्याशी हातवाऱ्यांनी बोलायची. कारखान्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून कारागिरांची आपली एक हातांची भाषा असते, ती तिने शिकून घेतली होती. वहिनी गेली आणि ती भाषाही घरातून गेली. नितीन एंब्रॉयडरीच्या मशीनवर दिवसभर, खोली लहान. मी दादाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला, आमच्याकडे घेऊन आले.

आणि इथे मी त्याच्याशी जे वागले, ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो मोठ्याने बोलतो. दादा चहा मागायचा तर खालच्या मजल्यावरच्या हंसाबेनना कळायचं. आम्हाला सवय झाली होती. मग माझ्या मुलीला, मेघनाला, बघायला बडोद्याहून पाहुणे आले. मुलाचे आईवडील दोघेही प्राध्यापक, बोलणं अगदी मऊ. चहा झाला, बोलणी रंगात आली, आणि मामाने काहीतरी बोलावं म्हणून मुलाच्या वडिलांनी दादाकडे बघून हसून मान हलवली. दादा खुलला. अहिराणीत, खणखणीत आवाजात त्याने सुरुवात केली की ही सुमन, ही आमची बाई, सुरतेला आली तेव्हा एवढीशी होती. पहिल्या दिवशी माझ्या कारखान्यात आली आणि मशीनच्या आवाजाला इतकी घाबरली की फ्रॉक ओला केला… पाहुण्यांच्या बाई ओठ दाबून हसल्या. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मी म्हणाले, "दादा, हळू." त्याला कुठून ऐकू येणार? तो पुढे बोलतच होता. तेव्हा मी त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. वर्गात गोंगाट झाला की ठेवते, तसं. डोळे मोठे करून.

दादा थांबला. वाक्याच्या मध्येच थांबला. माझ्या बोटाकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं, हसला, आणि समोरची बशी उचलून आत ठेवायला गेला.

त्या दिवसापासून तो बोलला नाही. रुसला नव्हता. रुसला असता तर मला समजूत काढता आली असती. जेवायचा, भाजी आणायचा, मेघनाच्या लग्नात अक्षता टाकल्या, तिला पोटाशी धरून रडला. फक्त तोंडातून शब्द काढत नव्हता. काही विचारलं तर मानेने हो-नाही. पहिल्या महिन्यात मला वाटलं, होईल नीट. पुढे वाटू लागलं, माफी मागावी. पण बहिऱ्या माणसाची माफी हळू आवाजात मागता येत नाही. ओरडून मागावी लागते, चारी भिंतींना ऐकू जाईल अशी. आणि तेवढंच मला जमत नव्हतं. कागदावर लिहून द्यावं, तर दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. असं दीड वर्ष गेलं. आमच्या घरात दीड वर्ष कुणी मोठ्याने बोललं नाही, आणि मला एकाही दिवशी त्याचं सुख वाटलं नाही.

आमच्या वसाहतीच्या शेवटच्या ओळीमागे मोकळी जमीन आहे. पावसाळ्यानंतर तिथे छातीएवढं गवत वाढतं, मध्ये बोरूची बेटं, कडेला वेड्या बाभळी. म्हशी चरतात, बायका गवत कापून नेतात. दादा रोज सकाळी तिकडे फिरायला जायचा. ऑक्टोबरातली एक सकाळ. मी पोळ्या लाटत होते. तो चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि पूर्वीच्याच खणखणीत आवाजात म्हणाला, "सुमी, एक पाखरू येल शे."

लाटणं माझ्या हातातच राहिलं. एक पक्षी आलाय, एवढंच तो सांगत होता. मी वळले तर त्याचा चेहरा असा, की जणू काल रात्रीच आम्ही गप्पा मारून झोपलो होतो. "चल, तुले दखाडस," म्हणाला. मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनी त्याच्यामागे गेले.

पाखरू म्हणजे काय, चिमणीपेक्षा लहान, मातकट रंगाचं, छातीवर फिकट केशरी झाक. बोरूच्या अगदी टोकाला बसलं होतं, ताठ, आणि शेपटी सारखी खाली-वर हलवत होतं. मला त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही. दादाने माझा दंड धरून ठेवला. थांब, अशी खूण केली. थोड्या वेळाने ते टोकावरून सुटलं, दगडासारखं सरळ गवतात पडलं, काहीतरी चोचीत धरलं आणि परत त्याच काडीवर येऊन बसलं. पुन्हा गेलं, पुन्हा तीच काडी. आजूबाजूला शंभर काड्या होत्या. दादाने माझ्याकडे असं बघितलं की, बघितलंस?

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या वैद्य बाईंना मी वर्णन सांगितलं. त्या पक्ष्यांच्या मागे हिंडणाऱ्या. शेपटी हलवतो म्हटल्यावर त्यांनी पुढचं ऐकूनही घेतलं नाही. "गप्पीदास," म्हणाल्या. "आपल्याकडचा नाही तो. हिमालयाच्या पलीकडून येतो, थंडी काढतो आणि मार्चअखेर परत जातो. गवताळ माळावरचा पक्षी, झाडीत शिरत नाही." त्यांनी आपली जुनी दुर्बीणही दिली. घरी येताना मी रिक्षात एकटीच हसत होते आणि डोळे पुसत होते. दीड वर्षांनी तोंड उघडलेल्या माणसाला हे नाव कसं सांगायचं? शेवटी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्याच्यासमोर धरलं. त्याने एक-एक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, "गप्पी… दास." मग असा हसला की हंसाबेन जिन्यातून वर आल्या, काय झालं म्हणून बघायला.

तो बोलू लागला, पण फक्त पाखराबद्दल. बाकी सगळं अजून मानेनेच. मी त्यावरही खूश होते. रोज सकाळी परत आला की दारातूनच बातमी. आज वाऱ्यात काडी वाकत होती तरी सोडली नाही. आज दुसरा एक आला होता, त्याला हाकललं. पलीकडच्या बांधावर मादी आहे, पण ती तिच्या जागेवर, हा ह्याच्या जागेवर, थंडीत म्हणे कुणी कुणाच्यात येत नाही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या डोळ्याने आयुष्यभर कापड पाहिलं, त्याने तो आता गवत पाहत होता. वजनाबद्दल एकदा म्हणाला की, सूत संपलेली कांडी असते ना, लूमच्या धोट्यात घालायची, तेवढा असेल. एवढासा जीव आणि डोंगर ओलांडून येतो… नकाशा आणून मी त्याला हिमालय दाखवला, त्याच्या पलीकडचं मोठं पठार दाखवलं. त्याने तिथून सुरतेपर्यंत बोट आणलं, मग शिंदखेड्यापासून सुरतेपर्यंत आणलं, आणि नकाशा घडी करून ठेवला.

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले होते. शाळेला सुट्टी होती. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, सुरतेचं आकाश पतंगांनी भरतं, आणि नंतर आठ-आठ दिवस मांजा झाडाझुडपांवर लोंबत राहतो. बोरूच्या टोकावर पाखरू नव्हतं. दादाने दुर्बीण लावलीच नाही, डोळ्यांवर हात धरून एकदा सगळीकडे पाहिलं आणि गवत तुडवत बाभळीकडे धावत सुटला. मी मागे. खालच्याच फांदीवर, काट्यांत, ते उलटं लटकत होतं. एक पंख मांज्यात गुरफटलेला, फडफडून-फडफडून थकलेलं, चोच उघडी. मी किंचाळले. "दादा, मरेल ते! कात्री आणते, थांब, ओढू नकोस, दादा…" मी नुसती ओरडत होते. त्याला ऐकू येत नव्हतं, पण पाखराला येत होतं. माझ्या प्रत्येक ओरडण्याला ते जिवाच्या आकांताने फडफडत होतं आणि मांजा आणखी रुतत होता. दादाने ते पाहिलं. माझ्याकडे वळला, आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी गप्प झाले. त्याला त्या वेळी ते पाहुणे आठवले की नाही, मला आजही माहीत नाही. त्याच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. तो वळून कामाला लागला होता.

त्याने डाव्या हाताची मूठ हलकेच पाखराभोवती धरली आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी मांज्याचं टोक शोधलं. तोडला नाही. काचेचा मांजा झटका देऊन तोडला तर पंखच कापला जातो. तो एकेक वेढा सोडवत गेला, पिसांच्या मधून, मागून, पुन्हा मधून. बोटांच्या पेरांतून रक्त येत होतं आणि ती बोटं थरथरत नव्हती. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटचा वेढा निघाला, त्याने मूठ उघडली. पाखरू तळहातावर तसंच बसून राहिलं. दोन पिसं गळून पडली. मग ते उडालं, वाकडंतिकडं, खाली-खाली, आणि जवळच्या एका झुडपावर जाऊन टेकलं.

तेव्हा मला राहवलं नाही. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळं बळ एकवटून ओरडले, "दादा, मी चुकले! त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी तुला गप्प केलं! मी चुकले!" गवत कापणाऱ्या दोन बायका विळे थांबवून बघू लागल्या. झुडपावरचं पाखरू भुर्रकन उडून लांब गेलं. दादा माझ्या ओठांकडे बघत होता. सगळं कळलं त्याला. त्याने वळून पाखराकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "उडाडी दिनं ना!" म्हणाला. उडवलंस ना त्याला! आणि रक्ताची बोटं पायजम्याला पुसत हसायला लागला.

परत येताना रस्त्यात, वसाहतीच्या ऐन चौकात, त्याने बोलायला सुरुवात केली. जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच. तर त्या दिवशी तू फ्रॉक ओला केलास. मालक ओरडला, पोरीला इथे कशाला आणलं म्हणून. मी तुला मशीनमागे नेलं, कापडाच्या तुकड्यात गुंडाळलं. आणि सुताचे दोन बोळे केले आणि तुझ्या कानांत घातले. मग तू रडायची थांबलीस. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आलीस तेव्हा दारातच आधी कान पुढे केलेस… हे सगळं तो रिक्षावाल्यांच्या, दूधवाल्याच्या देखत, सगळं कोसाड ऐकेल अशा आवाजात सांगत होता.

मला आठवलं. रोज दुपारी शाळा सुटली की मी त्याचा डबा न्यायची. तो लूम सोडून दारापर्यंत यायचा, खिशातून सुताचे बोळे काढायचा, माझ्या दोन्ही कानांत घट्ट बसवायचा आणि मगच मला आत घ्यायचा. सहा-सात वर्षं. मी त्या बोळ्यांना खेळ समजायची. मी चौकातच उभी राहिले आणि कानाला हात लावून खुणेने विचारलं, तुझ्या कानांत? तू का नाही घातलेस?

"माले नही चालत," तो सहज म्हणाला. धागा तुटला की मशीनचा आवाज बदलतो. तो ऐकू यायला नको का?

पाहुण्यांना त्याला हे सांगायचं होतं. मी कशी घाबरले ते नव्हे, कशी घाबरायची थांबले ते.

त्यानंतर तो सगळ्याबद्दल बोलायला लागला, आणि आमचं घर पुन्हा खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायला लागलं. पाखरू वाचलं. आठवडाभर जरा जपून उडत होतं, मग पुन्हा आपल्या बोरूवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक नवीनच चिंता सुरू झाली. त्याचा रंग बदलत होता. मातकट डोकं काळं होत चाललं, मानेच्या बाजूला पांढरा पट्टा उजळला, छाती विटकरी-केशरी. दादा रोज दुर्बिणीतून बघायचा, हा तोच आहे की दुसरा? पिसं गळताना तर दिसत नाहीत. मग एक दिवस त्यालाच उलगडलं. मांडीवर हात मारून म्हणाला, अगं, ही खळ निघतेय! कोऱ्या कापडाला खळ असते, वापरून-वापरून ती जाते आणि आतला रंग वर येतो, तसं. मी वैद्य बाईंना विचारलं. त्या थक्क झाल्या. खरंच पिसांची मातकट टोकं थंडीभर झिजतात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो, नवीन पिसं येत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. "तुमच्या भावाला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "लूमने."

मार्चच्या शेवटी एका सकाळी बोरूचं टोक रिकामं होतं. दादा उदास होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. म्हणाला, गावी गेला. आणि सबंध उन्हाळा त्या बोरूच्या बेटावर लक्ष ठेवून राहिला. गवत कापणाऱ्या बायकांना हात जोडून सांगितलं, एवढं सोडून बाकीचं न्या. त्यांनी सोडलं. पुढच्या ऑक्टोबरात त्याच बेटावर, जवळजवळ त्याच टोकावर, एक मातकट गप्पीदास येऊन बसला. मी ओरडून विचारलं, "दादा, हा तोच का रे?" गळालेली पिसं तर पुन्हा आलेली असणार, ओळख कुठली राहणार? दादाने दुर्बीण खाली केली आणि मला रागावलाच. "इतला लांबथून येल शे तो. त्यानी काय चौकशी करस!" एवढ्या लांबून आलेल्याची कसली चौकशी!

तो हिवाळा आमचा सुखाचा गेला. तो मैदानातून येताना पोंक आणायचा, ज्वारीचे ते हिरवे कोवळे दाणे, आणि आम्ही दोघं गॅलरीत बसून लिंबू पिळून खायचो. मी शाळेत गेल्यापासून घरात अहिराणी बोलणं सोडलं होतं. त्या हिवाळ्यात, पन्नाशी उलटून गेल्यावर, पुन्हा बोलायला लागले. ओरडून बोलायचं असलं की तीच भाषा तोंडात बसते, हे मला तेव्हा कळलं. पाखरू मार्चमध्ये गेलं. दादा सप्टेंबरात.

दशक्रियेच्या दिवशी नवागामला चार म्हातारे आले होते. सगळे जुने कारागीर. त्यांतले भिकनभाऊ दादाबरोबर एकाच कारखान्यात वीस वर्षं होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि भर मंडपात मोठ्याने विचारलं, "उत्तमनी बहीण ना तू? ते पाखरू कवय येस?" ते पाखरू कधी येतं? मला काही समजेना. मग कळलं. दादा दर आठवड्याला कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी कोसाडहून बस बदलून यांच्याकडे, कारखान्याजवळच्या चहाच्या टपरीवर यायचा. या चौघांचेही कान लूमनेच नेलेले. चौघांशी तास-तास बोलायचा. पाखरू कसं बसतं, कसं पडतं, कसं काळं होतं. हातवारे करून, शेपटी हलवून दाखवायचा. दसरा झाला की तुम्हाला सगळ्यांना नेतो, असा शब्द दिला होता. भाजी आणायला म्हणून तो जेव्हा अर्धा-अर्धा दिवस गायब असायचा, तेव्हा तो कुठे होता, हे मला त्या मंडपात कळलं…

दसऱ्यानंतरच्या त्यांच्या सुट्टीच्या सकाळी मी चौघांना बोलावलं. बस थांब्यावरून घेऊन आले. गेल्या वर्षभरात मैदानाच्या अर्ध्या भागाला कुंपणाची भिंत झाली आहे, पण बेट भिंतीच्या अलीकडे राहिलं आहे. चौघेही धुतलेले कपडे घालून आले होते, जणू कुणाच्या घरी मुलगी बघायला आले आहेत. गवत ओलं होतं. आणि ते होतं. बोरूच्या टोकावर, मातकट, ताठ. मी बोट दाखवायच्या आधीच भिकनभाऊंना दिसलं. चौघे एका ओळीत उभे राहिले आणि अजिबात हलले नाहीत. ते सुटलं, गवतात पडलं, परत काडीवर आलं. "बराबर," एक जण म्हणाला. उत्तमने सांगितलं होतं तसंच.

पाखराने आमच्याकडे बघून शेपटी हलवली आणि आवाज काढला. तो ते नेहमीच काढतं. गारगोटीवर गारगोटी आपटावी तसा, कोरडा, बारीक, टक-टक, टक-टक. भिकनभाऊंना चोचीची हालचाल दिसली. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तो काय म्हणस?"

दादाने मला हे कधीच विचारलं नव्हतं. त्याच्या शेजारी उभी राहून मी हा आवाज दोन हिवाळे ऐकला, आणि त्याला तो सांगावा असं माझ्या मनातही आलं नाही. आता काय सांगणार? ओरडून सांगितलं तरी टक-टक हा शब्दच पोहोचला असता, आवाज नाही. मी खाली वाकले. पायवाटेवरचे दोन खडे उचलले. भिकनभाऊंचा उजवा हात धरून उताणा केला, एक खडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि दुसरा त्यावर हलकेच आपटला. पाखरू बोलेल तसं, दोनदा. थांबून, पुन्हा दोनदा.

त्यांनी डोळे मिटले होते. पाखरू गप्प झालं तेव्हा मीही थांबले. त्यांनी डोळे उघडले, बोरूकडे बघितलं.

"समजनं," ते म्हणाले.

मग बाकीच्या तिघांनीही आपापले हात पुढे केले.